कडबाकुट्टीचा खुंटा

मला नको तिथं हसू येतं. शाळेत प्रार्थनेला यायचं, मयताला गेले की पदर तोंडात कोंबून उभं राहावं लागायचं, आणि माझ्याच लग्नात अंतरपाटाशेजारी उभ्या भटजींना सलग शिंका आल्या तेव्हा मी इतकी हसले की मुंडावळी सुटून नाकावर आली. माहेरच्यांना सवय होती. सासरी मात्र ही पोरगी जरा सैल आहे, असं पहिल्याच आठवड्यात ठरून गेलं. त्यात मी आयटीआयला वायरमनचा कोर्स केलेली. हसणारी आणि वर वायरी जोडणारी सून म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. मी त्या दिवसांत इतकी खुशीत होते की कोण काय म्हणतंय ते मला ऐकूच यायचं नाही.

माहेर सोलापुरात, यंत्रमागांच्या भागात. वडील मागावर कामाला. पावसाळ्यात कारखान्याच्या भिंतींना ओल धरली की मागाच्या लोखंडात करंट उतरलाय का ते आधी उलटा हात टेकवून बघायचे, तवा तापलाय का बघतात तसा. पुढं मालकानं कारखान्यामागं खोल खड्डा खणला, त्यात लोखंडी पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, आणि मागांचं अर्थिंग करून घेतलं. तेव्हापासून वडील सरळ हात ठेवायला लागले. जमिनीत मीठ पुरलं आणि वर माणसाची भीती गेली, याची मला इतकी गंमत वाटली की दहावीनंतर घरचे कॉलेजचं म्हणत असताना मी वायरमनच्या वर्गात जाऊन बसले. तिथं सर विचारायचे, शॉकची भीती वाटत नाही का. मी अर्थातच हसायचे.

सासर मंगळवेढ्याच्या बाजूला, गावाबाहेरच्या वस्तीवर. रानात जोंधळा, दारात शेळ्या-मेंढरं आणि दोन म्हशी. नवरा सोलापुरात नोकरीला, सुट्टीला घरी यायचा. घर एकीकडं, गोठा दुसरीकडं, मधे मोकळं अंगण आणि एक लिंबाचं झाड. गोठ्यात एकच बल्ब होता. त्याच्या दोन वायरी घरातून निघून लिंबाच्या फांदीवर विसावा घेत गोठ्यात पोचायच्या. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा हात नुसते शिवशिवले, पण नवी नवरी लगेच झाडावर कशी चढणार.

गोठ्यात सासूबाई कडबा तोडायच्या. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. आत्या ओंडक्यावर कडब्याची पेंढी धरायच्या आणि कोयत्यानं तुकडे पाडायच्या, सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं. उजवा कोपर कामातून गेला होता. दुखतं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. पण लग्नाआधी मी घर बघायला आले तेव्हा त्यांची भाकरी चंद्रासारखी गोल होती, आणि वर्षभरात ती एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ व्हायला लागली. भाकरी थापताना हात पुरता फिरत नव्हता. त्या म्हणायच्या, औंदा पीठच बरं न्हाय.

मग त्या नातेपुत्याला त्यांच्या भावाकडं जाऊन आल्या आणि तिथं त्यांनी कडबाकुट्टीचं मशीन पाहिलं. एका बाजूनं पेंढी सरकवायची, दुसऱ्या बाजूनं बारीक कुट्टी. आल्यापासून दुसरा विषय नाही. शेळीची धार काढताना मशीन, ताक घुसळताना मशीन. मशीनचं पातं कसं फिरतं ते त्या पदर खोचून, हात गरागरा फिरवून दाखवायच्या, आणि दुखरा कोपर तेवढ्यापुरता बरा व्हायचा. मला त्यांचा तो चेहरा फार आवडायचा. कोणाला काही हवंसं वाटतंय आणि ते लपवता येत नाहीये, असं ते तोंड होतं.

अडचण एकच होती, मामांची. मामांची विजेशी सोयरीक नव्हती. घरातला पंखा लावायचा असला तरी ते काठीच्या टोकानं बटण दाबायचे. मेंढरांमागं फिरायची उंच काठी, तीच. लांब उभं राहायचं, नेम धरायचा आणि खट्. कधी नेम चुकला की पंख्याऐवजी टीव्ही लागायचा आणि मामा टीव्हीला शिवी घालायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हातातली कळशी खाली ठेवली आणि परसात जाऊन पोट धरून हसले. नंतर नवऱ्यानं कारण सांगितलं. वळसंगला मामांच्या चुलतभावाच्या गोठ्यात कुट्टीच्या मशीनला करंट उतरला होता. जवळ ओल्यात बांधलेली म्हैस उभ्याची आडवी झाली. तिला पुरायला मामा गेले होते. त्यानंतर हसू आलं तरी मी जरा बेतानं हसायचे.

दुधानं पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आत्यांनी मशीनचा विषय काढला की मामा उठून मेंढरांकडं जायचे. शेवटी एका दुपारी आत्यांनी त्यांना जेवतानाच गाठलं, अर्ध्या भाकरीवरून उठता येईना असं. मी पण मधे पडले. म्हटलं, मामा, मी आहे ना, मी करते सगळं नीट.

"मशीन म्हंजे लोखंड, गोठा म्हंजे ओल," मामा म्हणाले, "आन् जनावराला चार पाय. माणूस चपला तरी घालतो की."

हे त्यांनी अगदी बरोबर सांगितलं होतं. मग त्यांनी आत्यांच्या ताटातल्या वाकड्या भाकरीकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि अट घातली.

"आणा मशीन. पर एकदा जरी झिणझिणलं, जनावराला न्हायतर माणसाला, तर ज्या टेम्पोनं आलं त्याच टेम्पोनं माघारी. मग रडायचं न्हाय."

आत्यांनी व्हय म्हटलं आणि लगेच माझ्याकडं पाहिलं. आता त्यांचं मशीन माझ्या हातात होतं, आणि माझ्या हाताला त्या घरात अजून कोणी काही समजत नव्हतं. भीती वाटायला हवी होती. मला नुसतं नाचावंसं वाटत होतं.

कामाला लागले. आधी लिंबावरच्या त्या लोंबत्या वायरी काढल्या, झाडावर मी स्वतः चढून. आत्या खाली उभ्या राहून वस्तीवरून कोणी येतंय का ते बघत होत्या. नवी जाड केबल आणली, जमिनीखालून पाइपातून गोठ्यापर्यंत नेली. तिच्यात तीन तारा होत्या. मामांनी काठीनं एकेक तार उचलून पाहिली. बल्ब दोन तारांवर लागतो, मग ही हिरवी तिसरी कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं, ही मशीनच्या लोखंडी अंगाला जोडायची आणि जमिनीत न्यायची. आत कुठं वायर सोलली आणि करंट अंगावर आला तर त्याला जायला वाट हवी. वाट नसली की मशीनला हात लावणाऱ्याच्या अंगातून तो वाट काढतो. मामा म्हणाले, म्हणजे करंट जमिनीत सोडायचा आणि त्याच जमिनीवर माझी म्हैस उभी. पुन्हा बरोबर बोलले. ह्या माणसाला काठीऐवजी टेस्टर दिला असता तर तो माझ्या पुढं गेला असता.

मग मी त्यांना ईएलसीबी दाखवला. गोठ्याच्या बोर्डात बसवायचा एक स्विच. जेवढा करंट गेला तेवढा परत आला नाही, थोडा जरी जमिनीत गळाला, तरी तो पापणी लवायच्या आत पडतो आणि सगळं बंद करतो. पण त्याचं काम चोख व्हायचं तर जमिनीची वाट चांगली लागते. घराचं अर्थिंग हिरव्या तारेनं गोठ्यात येईलच, तरी गोठा घरापासून सुटा आहे, म्हणून गोठ्याला स्वतःचा खड्डा पाहिजे. उद्या मधली तार उंदरानं कुरतडली तर गोठा उघड्यावर पडायला नको. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि स्विचला लांबून काठी लावून पाहिली.

त्यातच शेजारच्या वस्तीवरचे एक पाहुणे आले. त्यांचं म्हणणं, खड्डाबिड्डा सगळं शहरातलं खूळ, ती अर्थिंगची तार गोठ्यातच न्यूट्रलला जोडून टाका, आमच्याकडं तसंच आहे. माझं डोकं सटकलं. म्हटलं, काका, तुमची ती न्यूट्रलची तार कुठं तुटली ना, तर सगळं मशीन जिवंत होईल, आणि पहिला हात तुमचा असेल. सुनेनं पाहुण्याला असं बोलायचं नसतं. पाहुणे चहा अर्धा ठेवून गेले. आत्या मला रागं भरल्या, पण राहिलेला चहा त्यांनीच पिऊन टाकला.

खड्डा कुठं खणायचा ते मामांनी ठरवलं. मी जनावरं बांधतात तिथून लांब, एवढंच म्हटलं होतं. त्यांनी अंगणाला फेरी मारली, दोन-तीन ठिकाणी काठी रोवून पाहिली, आणि पाण्याच्या हौदापलीकडं थांबले. आमची काळी माती उन्हाळ्यात अशी भेगाळते की भेगेत पाय जावा, पण हौदाचं पाणी सांडून तिथं बारा महिने खाली ओल असते. जोंधळा ओलीवर पिकवणाऱ्या माणसाला ओल सांगावी लागत नाही. सुट्टीला आलेल्या नवऱ्यानं आणि मामांनी मिळून माणूस उभा आत जाईल एवढा खड्डा खणला. वर मी उभी राहून खोली सांगत होते. बाईमाणूस वर, गडी खाली, यावर नवरा काहीतरी बोलला आणि मी इतकी हसले की अर्धी पाटी माती पुन्हा त्याच्या डोक्यावर गेली.

पाइप उभा केला. बाभळीचा कोळसा तयार होता. आणि मग मी खडेमिठाचं पोतं फोडलं.

आत्या धावत आल्या. एवढं मीठ मातीत घालायचं हे त्यांना सोसेना. मीठ असलं की जमीन ओल धरून ठेवते, असं मी समजावलं. त्यांनी ऐकलं आणि एक पाटी भरून बाजूला काढली. आमच्या घरात दर अवसेला शेळ्या-मेंढरांना मीठ चाटायला देतात, एका चपट्या दगडावर. आत्यांच्या मते आधी घरच्यांचं, मग जमिनीचं. तेवढं मी सोडून दिलं. कोळसा-मीठ, कोळसा-मीठ असे थर भरले, वर माती लोटली, पाइपचं टोक हातभर वर ठेवलं. ईएलसीबी बसवायच्या आधी मामांना एक गंमत दाखवली. बल्बची एक तार फेजला आणि दुसरी नुसती त्या पाइपला लावली. बल्ब लख्ख लागला. दुसरी वायर नाही, नुसती जमीन. असलं काम शिकलेल्यानंच करावं, पण मामांचं तोंड बघायला मी ते दहा वेळा केलं असतं. ते खाली बसले, मातीवर हात ठेवला आणि बल्बकडं बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खड्डा उकरलेला होता. पाइपभोवती चांगला हातभर खळगा, आणि वरच्या थरातलं मीठ गायब. मी सरळ आत्यांकडं गेले. म्हटलं, आत्या, अजून पाहिजे होतं तर मागायचं. त्या भडकल्या. मी पण भडकले. सासू-सुनेचं पहिलं खरं भांडण मिठावरून झालं. मी खड्डा पुन्हा भरला आणि दिवसभर आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही. पुढच्या सकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मात्र मी उजाडायच्या सुमाराला हळूच बाहेर आले.

आमची बांडी शेळी पुढचे दोन पाय दुमडून मुंडकं खड्ड्यात घालून होती. मागं बाकीच्या शेळ्या रेशनच्या दुकानासारख्या रांगेत. आणि सगळ्यांत आघाडीला, हक्काच्या जागेवर, आमचा थोरला बोकड. कारण त्याला तिथं बांधलंच होतं. अर्थिंगच्या पाइपला. गळ्यातला दोर, पाइपला दोन वेढे, आणि त्याच्या दाढीला पांढरं मीठ लागलेलं.

हसावं की ओरडावं ते कळेना, म्हणून मी दोन्ही केलं. आवाजानं घर जागं झालं. बोकड बांधला होता मामांनी. त्यात त्यांना काही वावगं वाटतच नव्हतं. अख्ख्या वस्तीवर इतका पक्का रोवलेला खुंटा दुसरा नव्हता. ह्या बोकडानं आजवर चार खुंटे उपटले होते. माणूसभर खोल लोखंड जमिनीत गेलंय आणि वर रिकामंच उभं आहे, मग बांधायचं नाही तर काय करायचं.

"मामा, हा बोकडाचा खुंटा नाही, मशीनचा आहे. मशीनचा करंट ह्याच्यातून जमिनीत उतरणार आहे. त्या वेळी बोकड ह्याला बांधलेला नको."

मामांनी ताबडतोब वेढे सोडले. इतक्या घाईनं की बोकड सुटला, हौदावरून उडी मारून रानात गेला, आणि नवरा बनियनवरच त्याच्यामागं. आत्या उंबऱ्यात उभ्या होत्या. शेळीच्या पांढऱ्या नाकाकडं बघून त्या म्हणाल्या, आता हिला पण इचार, मागून का घेतलं न्हाईस. मी त्यांच्या गळ्यात पडले आणि आम्ही दोघी हसता हसता खाली बसलो. सासूसोबत इतकं हसता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

उपाय आत्यांनीच काढला. कोठीत जुनं जातं पडून होतं. त्याची वरची तळी आम्ही दोघींनी गडगडत अंगणातून आणली आणि खड्ड्यावर ठेवली. जिथून धान्य घालायचं त्या तोंडातून पाइप नेमका वर आला. बाजूनं पाणी ओतायलाही जागा राहिली. शेळ्यांनी दोन दिवस दगड चाटून पाहिला आणि नाद सोडला.

मशीन आलं तो रविवार होता. पूजा केल्याशिवाय बटण दाबायचं नाही हे ठरलेलं. मी सांगून ठेवलं होतं की हळदीकुंकू लोखंडाला लावा, नारळ बाजूच्या दगडावर फोडा, मोटारीवर पाणी नको. सगळ्यांनी मान हलवली. पण मामांना पूजा एकच माहीत होती, बेंदराला बैलाची करतात ती. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि मशीनपुढं उभे राहिले. आधी पाय, म्हणजे मशीनच्या पट्ट्या, त्यावर पाणी. मग पाठ, म्हणजे वरचं झाकण, त्यावर हळद. मग कपाळ शोधत ते मोटारीशी आले. तिथं वर एक चौकोनी डबी असते, वायरी आत जोडतात ती. कपाळ म्हणून त्याहून चांगली जागा नव्हती. मी पुढं होईपर्यंत त्यांनी नारळाची वाटी डबीवर कलती केली आणि सगळं पाणी ओतलं. मग डावा हात मशीनच्या पाठीवर ठेवला, आख्खा पंजा, बैलाला शांत करतात तसा, आणि उजव्या हातानं कपाळाला कुंकू लावायला वाकले.

आणि आत्यांना तेवढा दम निघाला नाही. त्या बोर्डापाशी पेंढी काखेत घेऊन कधीच्या उभ्या होत्या. त्यांनी बटण दाबलं.

खट्.

पातं फिरलं नाही. मोटार गुरगुरली नाही. गोठ्यातला बल्ब गेला. म्हशी रवंथ करायच्या थांबल्या. मामा तसेच वाकलेले, पंजा मशीनवर, कुंकवाचं बोट अधांतरी. पूजेला आलेल्या बायकांपैकी कोणीतरी म्हणालं की नाट लागला.

मी बोर्डाकडं पाहिलं. ईएलसीबी पडला होता. पाणी डबीत गेलं, करंट मशीनच्या अंगावर आला, हिरव्या तारेनं जमिनीत पळाला, आणि स्विचनं त्याला तिथल्या तिथं पकडलं. माझ्या हातानं जोडलेली प्रत्येक गोष्ट शिकवल्याप्रमाणं वागली होती. मामा उभे होते. मामा जिवंत उभे होते. माझ्या पोटातून असं हसू आलं की मी कडब्याच्या गंजीवर बसले, डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द नाही. बायका माझ्याकडं बघत होत्या. सून खुळी झाली असंच त्यांना वाटलं असणार. मी हसतच होते.

आत्या मात्र हसत नव्हत्या. त्यांच्या काखेतली पेंढी तशीच होती. त्या मामांकडं बघत होत्या, आणि त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"झिणझिणलं का?"

मामांनी हात उचलला. पंजा उघडून बघितला, उलटा करून बघितला. मग धोतराला पुसला.

"न्हाय," ते म्हणाले. "काय न्हाय."

आत्यांनी काखेतली पेंढी खाली ठेवली. मग मला बोलता यायला लागलं. मी सगळ्यांना समजावलं की मशीन बिघडलेलं नाही, हे असंच व्हायला पाहिजे होतं, हाच त्याचा शुभशकुन. कोणाला पटलं, कोणाला नाही. मी डबी उघडली, पुसली, मंगळवेढ्याच्या उन्हात दिवसभर ठेवली. ते ऊन माणसाला वाळवतं, डबीचं काय घेऊन बसलात. दुसऱ्या दिवशी वायरीचं भोक नीट बंद केलं, जोड तपासले, ईएलसीबी वर केला. आत्यांनी पहिली पेंढी सरकवली. कुट्टी उडायला लागली आणि आत्यांच्या केसात, पदरात, भुवयांवर बसली. त्या काहीतरी ओरडून सांगत होत्या, मशीनच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. पेंढ्या संपल्या तरी त्या बंद करेनात.

त्यांचा कोपर पूर्ण बरा झाला नाही, पण भाकरी हळूहळू पुन्हा गोल झाली. जात्याच्या तोंडात त्या रोज सकाळी कळशीभर पाणी ओततात. उन्हाळ्यात दोन.

माझं म्हणाल तर मला कामं यायला लागली. ती मामांनीच आणली. बाजारात, देवळात, मेंढरांच्या मागं, जिथं माणूस भेटेल तिथं ते आमच्या सुनेचं अर्थिंग सांगत सुटले. मी स्कूटीवर निघाले की मागं मामा बसतात, काठी आडवी धरून, त्यामुळं रस्त्यानं लोक आपोआप बाजूला होतात. ते ओल बघून जागा सांगतात, मी खड्डा खणून घेते. मीठ झाकून ठेवा हे घरधन्याला पहिल्यांदा तेच बजावतात. त्या चहा टाकून गेलेल्या पाहुण्यांकडंही आम्ही जाऊन आलो. या वेळी त्यांनी आम्हालाच चहा पाजला.

परवा असंच एका वस्तीवरून काम संपवून येत होतो. तिथल्या म्हातारबुवांनी मामांना विचारलं होतं, खरंच कधी झिणझिणलं न्हाय का. मामा म्हणाले होते, आजवर न्हाय. परतताना माळावर वाऱ्यात माझ्या कानामागून मामांचा आवाज आला.

"पोरी, पूजेला थोडं झिणझिणलं व्हतं."

मी ब्रेक दाबला. मागं वळले. मामा काठी धरून सरळ समोर बघत होते.

"मुंगी चावावी एवढं. आन् खट् करून गेलं."

स्विच पडायला क्षणाचा जो तुकडा लागतो, तेवढ्यात तितकं लागू शकतं. हे मला माहीत होतं, आणि तरी इतक्या दिवसांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, कारण त्यांनी काय न्हाय म्हटलं होतं. मामांनी, जे आमचा पंखा काठीनं लावायचे. मी विचारलं, मग सांगितलं का नाही, अट तुमचीच होती की.

"तुजी सासू माज्याकडं बगत व्हती," मामा म्हणाले. "काखंत पेंढी घिऊन."

मी स्कूटी स्टँडला लावली आणि बांधावर बसून हसले. रडलेही असेन थोडी, वाऱ्यानं कळलं नाही. मामा माझं होईपर्यंत काठी टेकून उभे राहिले. मग म्हणाले, हे घरात बोलायचं न्हाय.

घरी पोचलो तेव्हा आत्या कुट्टीनं माखलेल्या, हौदावर हातपाय धूत होत्या. आमच्या दोघांची तोंडं बघून त्यांनी विचारलं, एवढे दात काढायला काय झालं.

मामांनी बोटानं ओसरीवरच्या दिव्याचं बटण दाबलं आणि आत गेले.

"काय न्हाय," ते म्हणाले.